‘सेक्युलर’ : सरत्या काळाचा शब्द

‘सेक्युलर’ म्हणजे देवधर्म न मानणारा, असे हा शब्द शिवीसारखा वापरणाराही समजतो आणि बिरुदासारखा मिरवणाराही. शब्दाचा इतिहास दोघांचीही पंचाईत करतो. लॅटिन ‘सेक्युलम’ म्हणजे पिढी, युग, माणसाच्या आयुष्याएवढा काळ. ख्रिस्ती विचारात तो इहलोकाचा सरता काळ ठरला. त्याच्यासमोर ईश्वराचे अनंतत्व. मध्ययुगीन युरोपात तर खुद्द धर्मगुरूच ‘सेक्युलर’ म्हणवले जात : मठाच्या नियमाने बांधलेले ते ‘रेग्युलर’ आणि संसारी लोकांत राहून चर्च सांभाळणारे ते ‘सेक्युलर’. कॅथलिक चर्च हा भेद आजही पाळते. १८५१ मध्ये इंग्रज विचारवंत जॉर्ज जेकब होलिओक यांनी ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द रूढ केला. ते स्वतः देव मानत नव्हते. पण ऐहिक सुधारणेसाठी देवाच्या अस्तित्वाचा वाद मिटण्याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती.

उगमावरून आजचा अर्थ ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. गवाक्षात कोणी गाईचा डोळा शोधत नाही. पण इथे जुना भेद अजून कामाला येतो. सरनाम्यात ‘सेक्युलर’ १९७६ मध्ये आला, तरी राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये तो मुळापासून आहे. धर्माचरणाशी निगडित अशा आर्थिक, राजकीय वा अन्य ‘सेक्युलर’ व्यवहारांचे नियमन राज्यसंस्था करू शकते, असे ते कलम सांगते. म्हणजे एकाच देवळात पूजा आणि हिशेब या दोन बाबी घटना वेगळ्या ओळखते.

आपल्या परंपरेत अशी विभागणीच नाही, असेही म्हटले जाते. मग प्रपंच आणि परमार्थ हे दोन शब्द कशासाठी? संतांनी त्यांचा मेळ घालायला सांगितले, आणि मेळ दोन गोष्टींचाच घालता येतो. खरी अडचण सीमारेषा कोणी आखायची, ही आहे. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून न्यायालये एखादा आचार धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का, हे तपासत आली आहेत. पण असा निवाडा देताना राज्यसंस्था आपला प्रांत सोडून शाश्वताच्या प्रांतात शिरते. तिने एवढेच विचारावे : या आचाराने इथल्या, हयात माणसाचा हक्क हिरावला जातो का? हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करणारे कायदे करण्याची मुभा कलम २५ देते, आणि त्यासाठी कोणत्याही स्मृतीचा दाखला मागत नाही. देव आहे की नाही, यावर मौन पाळूनही अन्याय थांबवता येतो. सेक्युलर राज्यसंस्थेकडून याहून अधिक मागू नये आणि याहून कमीही चालवून घेऊ नये.