वेष्टनावरील आप्तवाक्य

आप्त, म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे असा, कोणाला म्हणावे, याचा निर्णय करताना न्यायभाष्यकार वात्स्यायनाने दोन अटी घातल्या: वस्तू त्याला यथार्थ ठाऊक असावी आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगण्याची त्याला इच्छा असावी. अमेरिकेत व्हर्जिनिया, आर्कान्सा अशा राज्यांत 'अल्फा-गॅल' विकाराने ग्रासलेला मनुष्य मिष्टान्नाचा बंद डबा हाती घेऊन त्यावरील बारीक मजकूर वाचतो, तेव्हा तो, नकळत का होईना, हीच मीमांसा करीत असतो.

हा विकार असा: विशिष्ट जातीची गोचीड चावल्यानंतर, गाय-डुकरादी सस्तन प्राण्यांत असणारी, परंतु मनुष्यात नसलेली अल्फा-गॅल नावाची शर्करा रोग्याच्या देहाला वैरीण वाटू लागते. मासळी व कोंबडी चालते; गुराडुकरांचे मांस, चरबी, जिलेटिन वर्ज्य, आणि कित्येकांना दूधसाय देखील सोसत नाही. ज्या दुधातुपाला आपल्या शास्त्रकारांनी पावित्र्याच्या शिखरावर बसविले तेच येथे त्याज्य ठरावे, असा हा देहाचा स्वतंत्र स्मृतिग्रंथ आहे. आणि अजाणता घडलेल्या अभक्ष्यभक्षणास मनूने दिलेली सौम्य प्रायश्चित्ताची सवलत त्यात नाही.

ही शर्करा जिभेला कळत नाही, म्हणून प्रत्यक्ष कुंठित होते. अंगावर गांधी उठणे, पोटात कळा येणे, श्वास कोंडणे हे बहुधा दोन ते सहा तासांनी, कित्येकदा ऐन मध्यरात्री, सुरू होते, म्हणून अनुमानही चकते. व्हर्जिनिया विद्यापीठातील थॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हा उशिराचा संबंध मांडीपर्यंत वैद्यांचीही तीच गत होती. ज्ञानाच्या साधनांपैकी उरतो तो शब्द, म्हणजे आप्तवाक्य.

पण शब्द हा विचारलेल्या प्रश्नापुरताच बांधील असतो. आपल्याकडील हिरवा ठिपका पूर्ण इमानाने शाकाहाराची ग्वाही देतो, आणि दुधाची बासुंदीही त्याच्याच आश्रयाला असते. अमेरिकेच्या कायद्याने दूध, मासे आदी नऊ पदार्थांचा नामनिर्देश सक्तीचा केला. गोमांस व डुकराचे मांस त्या यादीत नाही. सबब मार्शमॅलोच्या पुड्यावर नुसते 'जिलेटिन' असते. येथे मीमांसकांची अर्थापत्ती कामास येते: दिवसा न जेवणारा देवदत्त पुष्ट आहे, त्या अर्थी तो रात्री जेवतो, तद्वत जिलेटिन माशाचे असते तर माशाचे नाव छापणे भाग होते, ते नाही, त्या अर्थी ते डुकराच्या कातडीचे किंवा गुरांच्या हाडाकातड्याचे धरावे. मौनच साक्षीला उभे राहते!

'नैसर्गिक स्वाद' या दोन शब्दांपुढे मात्र ही युक्तीही लंगडी पडते, कारण तो स्वाद वनस्पतिज की प्राणिज हे उघड करण्याचे बंधनच नाही. कारखानदार खोटे बोलत नाही. फक्त सांगण्याची इच्छा बाळगीत नाही. म्हणून जाणते रोगी त्याला पत्र लिहिताना 'हे शाकाहारी आहे काय' असे मोघम विचारीत नाहीत. जिलेटिन, स्वाद, ग्लिसरीन अशा एकेका घटकाचे नाव घेऊन तो कोणत्या प्राण्यापासून काढला, एवढेच विचारतात.