उशीखालचा दिवाळी अंक

निवृत्त माणसाने करमणुकीसाठी कोणती मासिके वाचावीत, हा प्रश्न वरवर पाहता धर्मगुरूने हाताळण्याजोगा वाटत नाही. तो ग्रंथपालाचा प्रश्न, असेच आम्हीही समजत होतो. परंतु एका पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना परमप्रसाद देत फिरत असता आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका ऐंशी वर्षांच्या विधुर शिक्षकांच्या घरी गेलो. आम्हांला पाहताच त्यांनी हातातले काहीतरी लगबगीने उशीखाली सारले. परमप्रसाद झाला, आशीर्वाद झाला. निघताना उशी सरकली आणि एक जुना विनोदी दिवाळी अंक खाली पडला. "झोप येत नाही फादर, म्हणून चाळत होतो," ते ओशाळून म्हणाले.

त्यांचे ते ओशाळणे आम्हांला बोचले, कारण ते आमच्यामुळेच होते. वर्षभरापूर्वी त्यांनी आमच्याकडे काही हलकेफुलके वाचायला मागितले होते. आम्ही त्यांना सुखमरणाच्या तयारीवरील पुस्तिका दिली आणि आता वेळ थोडा उरला आहे, याची आठवणही करून दिली.

आमचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु उरलेल्या थोड्या वेळात निव्वळ आनंदासाठी वाचणे दोषास्पद आहे काय?

सेमिनरीत शिकलेले संत थॉमस अक्वायनस आम्ही पुन्हा उघडले. 'सुम्मा'मध्ये खेळ आणि विनोद यांवर त्यांनी स्वतंत्र विवेचन केले आहे. शरीर थकते तसे मनही थकते, आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद, असे ते सांगतात. प्रेषित योहानाविषयीची एक जुनी कथाही ते देतात. योहान शिष्यांसह खेळताना दिसला म्हणून काहींना ते खटकले. तेव्हा त्याने एका धनुर्धराला विचारले, "तू सारखे बाण सोडत राहशील काय?" तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. आणखी पुढे जाऊन अक्वायनस म्हणतात की, जो स्वतः कधी विनोद करीत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदात मोडता घालतो, त्याचेही चुकते. हा भाग आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. तो आपल्याला लागू पडेल, असे मनात आले नव्हते.

यावर कोणी संत इग्नासचा दाखला देईल. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर अंथरुणाला खिळलेल्या इग्नासने शौर्यकथा मागितल्या. हाती आले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे, आणि त्यातून तो संत झाला. खरे आहे. परंतु त्या घरात शौर्यकथा नव्हत्याच. असून कोणी त्या लपवल्या नव्हत्या. देवाने केलेली योजना आपण आपल्या हाती घ्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2024 मधील साहित्यविषयक पत्रात आपल्या शिक्षकी काळातील अनुभव सांगितला आहे. विद्यार्थ्यांना नेमलेले 'एल सिद' नको होते, लोर्का हवा होता. तेव्हा 'एल सिद' घरी वाचायला सांगून वर्गात त्यांनी मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना जी मोकळीक मिळते, ती ऐंशीच्या माणसाला का मिळू नये?

मासिकाचे एक वैशिष्ट्य पुस्तकाला नाही. ते येते. ज्याच्या दारी फारसे कोणी येत नाही, त्याला पुढच्या अंकाची वाट पाहता येते. पुस्तक जाड, छातीवर पेलत नाही. अंक हलका, आणि एक कथा दुपारच्या झोपेआधी संपते. म्हाताऱ्यांच्या आवडीची कित्येक मासिके आता उरली नाहीत. 'सत्यकथा' तर 1982 सालीच बंद पडले. परंतु 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा टिकून आहे, आणि अनेक वाचनालये एका वर्गणीत हे अंक आळीपाळीने घरी देतात. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य आहेत. नातवाने पडद्यावर अक्षर मोठे करून दिले की झाले. (आजोबांनी मुलांचे मासिक वाचू नये, असा नियम आमच्या तरी ऐकिवात नाही.) 'निरोप्या', 'सुवार्ता' ही आपली मासिके घरात असावीतच; मात्र तेवढ्यावर वडीलधाऱ्यांची बोळवण करू नये. अश्लील, द्वेष पसरवणारे वाचू नये, हे त्यांना आपण शिकवण्याची गरज नाही.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तीन अंक घेऊन गेलो. एक त्यांनी लगेच परत केला. अक्षर बारीक होते. दुसरा आमच्याच कपाटातला. तो चाळून ते म्हणाले, "फादर, हा फार उपदेश करतो." तिसरा मात्र त्यांनी ठेवून घेतला आणि उशीखाली न सारता जपमाळेशेजारी उघडाच ठेवला.