'मी'चे मूळ, 'मी'चा त्याग

सर्वनामाचे मूळ सापडले की 'मी'पणाचेही मूळ हाती येईल, अशी एक अव्यक्त अपेक्षा व्युत्पत्तिशोधामागे असते. चिनी-तिबेटी भाषाकुलात ती फलद्रूप होते असे प्रथमदर्शनी वाटते. तिबेटीत 'ङा', बर्मीत 'ङा'. आज 'वू' आणि 'वो' असे उच्चारले जाणारे प्रथमपुरुषी चिनी शब्दही प्राचीन रूपात 'ङ'कारानेच सुरू होत असत. पॉल बेनेडिक्ट यांनी १९७२ साली तिबेटो-बर्मी आदिभाषेसाठी 'ङा' हेच रूप मांडले. पण तेथे शोध थांबतो. या ध्वनीमागे देह, श्वास वा आत्मा असा कोणताही पूर्वार्थ सिद्ध करता येत नाही. तो केवळ बोलणाऱ्याकडे निर्देश करतो. अर्थ येतो तो हा शब्द टाळला जाऊ लागल्यावर.

सभ्य बोलण्यात बर्मी पुरुष स्वतःला 'चनॉ' म्हणतो, स्त्री 'चमा'. दोहोंच्या मुळाशी 'दास' आहे, आणि 'ङा' उरला तो सलगीपुरता वा हाताखालच्यांशी बोलण्यापुरता. अभिजात चिनीतही 'सेवक' या अर्थाचा 'फू' हा शब्द 'मी'च्या जागी येई. यावरून पौर्वात्य मनात व्यक्तीच नव्हती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि उथळही. ('आपला आज्ञाधारक' अशी सही करणाऱ्या मराठी माणसाला तरी तो पटू नये.) नम्रतेचे सर्वनाम घेणारा कोणी तरी असतोच, ते कोणी घ्यायचे हे ठरवतो कोण, हा खरा प्रश्न आहे. 'चन' हे चिनी सर्वनाम एके काळी कोणालाही मोकळे होते. 'ली साओ' या काव्याच्या आरंभी कवी आपल्या पित्याचा उल्लेख त्याच सर्वनामाने करतो. इ. स. पू. २२१मध्ये पहिल्या छिन सम्राटाने ते स्वतःपुरते राखून ठेवले. येथे विनय नाही, जप्ती आहे.

'मी' सोडण्याचा अधिक गंभीर प्रश्न बौद्ध भाषांतरकारांपुढे होता. 'अनात्म' चिनीत आणताना त्यांनी 'वो' हेच पद नकाराला जोडले. म्हणजे घरीदारी बोलला जाणारा 'मी'च नाकारला गेला. तिबेटी भाषांतरकारांनी 'ङा' बाजूला ठेवून 'दग' निवडला. 'दग' हे विनयाचे प्रथमपुरुषी सर्वनाम, पण 'दगपो' म्हणजे धनी, मालक. नम्र शब्दाच्याच पोटात स्वामित्व! मला ही निवड नैतिकदृष्ट्या अधिक नेमकी वाटते. बोलणारा राहतो, मालकी जाते. अर्थात 'ङा'ही निर्दोष सुटत नाही. गर्वाला तिबेटीत 'ङाग्यल' म्हणतात. त्यात 'ङा'ला जोडलेले पद राजाचे आणि जयाचे आहे.