हात पूस, परत धर (गीता ६.२३)



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला २३वा. दुःखाशी जडलेलं नातं जो तोडतो तो योग, असं भगवंत सांगतात आणि लगेच अट घालतात: तो निश्चयाने करायचा आणि ‘अनिर्विण्ण’ चित्ताने करायचा. निर्विण्ण म्हणजे वैतागलेला, खचलेला, ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून बसलेला. निश्चयाचं आपल्याला कौतुक भारी. गुरुपौर्णिमेला करतो, आषाढीला करतो, १ जानेवारीलाही करतो. या दुसऱ्या शब्दावरून मात्र नजर घसरते.

गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकेच्या तिसऱ्या प्रकरणात दृष्टान्त दिलाय: दर्भाच्या टोकाने एकेक थेंब उचलून समुद्र उपसावा, तसा मनाचा निग्रह, खेद न करता. मधुसूदन सरस्वती तर याच श्लोकावर टिटवीची गोष्ट सांगतात. समुद्राने अंडी नेली म्हणून हा एवढासा पक्षी चोचीने समुद्र आटवायला निघतो. शेवटी गरुड येतो, समुद्र घाबरून अंडी परत करतो. आपल्या लक्षात राहतो गरुड. मला कुतूहल आहे ते मधल्या चोचींचं. पहिली चोच रागाच्या भरात भरता येते हो. पण पाचशेवी?

पनवेलचा पाऊस आणि गाडीचे मागचे ड्रम यांचं फारसं जमत नाही. आमचा हँडब्रेक नीट धरेना. गाडी सोसायटीच्या उतारावर उभी असते आणि खाली संध्याकाळी पोरं सायकली फिरवतात, त्यामुळे ‘बघू पुढच्या महिन्यात’ हा पर्याय नव्हताच. रविवारी पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू उचलून स्टँडवर घेतली आणि ब्रेक शू बदलायला घेतले. सोबतीला शेजारचे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. हातात पेपर, पण लक्ष सगळं इकडे.

शू बसले. राहिली हँडब्रेकची केबल. तिचं टोक शूवरच्या लिव्हरमध्ये अडकवायचं असतं आणि तेवढा वेळ केबलवरची स्प्रिंग मागे दाबून धरायची असते. एक हात स्प्रिंगला, एक केबलला, एक लिव्हरला. देवाने दिलेत दोनच.

काकांनी मला आधी आत, केबिनमध्ये पाठवलं. हँडब्रेकच्या दांड्याखालचा नट ढिला करायला. “त्या टोकाला केबल ताणलेली असली, तर इथे कितीही जोर लाव, मिळायची नाही.” ढिला केला. तरी नोज प्लायरमधून स्प्रिंग सुटायचीच. टण्! दरवेळी काकांचं एकच, “हात पूस, परत धर.” ग्रीस लागलेल्या हाताने आणि पकडीने ती सुटणारच, म्हणून. वैतागाला जागाच नव्हती. हात पुसण्यात तेवढा वेळ जायचा.

“काका, फारच आडमुठी आहे हो.”

“जिवंत आहे रे ती. बोटाने दबली असती, तर तुला नवी आणायला पाठवलं असतं.”

बरोबरच आहे. हँडब्रेक सोडल्यावर लिव्हर आणि केबल मागे येते ती या ताणाच्या जोरावर. स्प्रिंग मऊ पडली तर शू ड्रमला घासत राहणार, चाक तापणार. मला छेडणारा ताण तोच, आणि उद्या गाडी नीट चालवणाराही तोच. याच अध्यायात ५व्या आणि ६व्या श्लोकात भगवंत म्हणतात की आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू. जपाला बसल्यावर उसळणारं मन फेकून देऊन दुसरं आणायची सोय नाही. हेच अडकवायचं आहे.

कितव्या वेळी बसली, मोजलं नाही.

तो नट मात्र डोक्यात राहिला. पुढे ३५व्या श्लोकात अभ्यास आणि वैराग्य जोडीने येतात. अभ्यास म्हणजे इथे चाकाशी चाललेली खटपट; वैराग्य म्हणजे तिकडे, दुसऱ्या टोकाला दिलेली ढील. माझ्या एका मित्राने दीड महिना पहाटे जप केला आणि सोडला. ‘मन बसतच नाही’ म्हणतो. जोर वाढव, माळा वाढव, असं त्याला सगळ्यांनी सांगून झालंय. मी त्याला एवढंच विचारणार आहे, की रात्री फोन किती वाजता खाली ठेवतोस.

उद्या २४वा श्लोक, संकल्पातून उगवणाऱ्या कामनांचा.

राम कृष्ण हरी 🙏