जाब विचारायचा हक्क

बंगळूरच्या बसवनगुडीतल्या गांधी बझारमधून आणलेल्या खाऊनं मुलाचं पोट बिघडलं, तर बाप दुसऱ्याच दिवशी दुकानदारापुढे जाऊन उभा राहतो. भागलं नाही तर ग्राहक आयोग आहेच. पण त्याच मुलानं फोनवर नको ते पाहिलं, रात्री दचकून उठू लागलं, अभ्यासातून मन उडालं, तर बापानं जायचं कुठे? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फुकट मिळणारी सेवा ही ‘सेवा’च धरलेली नाही. आणि मुलांना नादी लावणारी बहुतेक संकेतस्थळं तर फुकटच असतात!

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. तरुण मनावर वाईट परिणाम करणाऱ्या पुस्तका-मासिकांसाठी १९५६ सालीच कायदा झाला. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यांच्या हिताला बाध येईल असा त्यांच्या माहितीचा वापर करता येत नाही. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. आकडा दणदणीत आहे. पण तो पैसा जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्या घरातलं मूल पोळलं, त्या घराला त्यातला छदामही नाही.

दंड आणि भरपाई यांत फरक आहे तो इथे. दंड भरून कंपनी सरकारशी हिशेब मिटवते. भरपाईच्या दाव्यात तिला त्या मुलाच्या आईबापांना उत्तर द्यावं लागतं.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यानं २०२२ मध्ये ही दुसरी वाट धरली. ज्या व्यावसायिक संकेतस्थळावरचा एक तृतीयांशाहून अधिक मजकूर मुलांना घातक आहे, त्यानं येणाऱ्याचं वय तपासलं नाही, तर झालेल्या नुकसानीचा दिवाणी दावा लावता येतो. वय तपासण्याची सक्ती करणारा टेक्सासचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये वैध ठरवला. या वाटेत काटेही आहेत. मुलांना अडवायचं म्हणजे मोठ्यांनीही ओळखपत्र दाखवायचं, आणि ती माहिती पुढे कुणाच्या हाती जाईल कोण जाणे. शिवाय मुलाची झोप नेमकी कशानं उडाली, हे कोर्टात सिद्ध करणं सोपं नाही.

मग सगळं आईबापांवरच सोडून द्यायचं का? याचं उत्तर एका जुन्या विधेयकात सापडतं. याच बसवनगुडीच्या बुल टेंपल रोडवर कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली स्थापलेली एक संस्था आहे आणि तिला नाव आहे आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला त्यात दंड होता. पण शाळाच जवळ नसेल तर पालकाला दोष नव्हता. आधी शाळेची सोय, मग सक्ती. विधेयक पुढल्या वर्षी नामंजूर झालं, त्यातला न्याय मात्र आजही लागू पडतो: जे पालकाच्या हातात नाही, त्याचा दोष पालकाला नाही.

सकाळी शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं बघा. पाठीवर दप्तर, हातात आईचा फोन आणि अंगठ्याखाली सरकणारी चित्रं. फोन हातात दिला आईनं. पुढचं चित्र कोणतं यायचं, ते ठरवलं कंपनीनं. तेव्हा जबाबदारीचेही दोन वाटे व्हायला हवेत. आपल्या वाट्याची आपण घरी निभावू या. आणि कंपनीच्या वाट्याचा जाब विचारायचा हक्क कायद्याकडे हट्टानं मागू या.