काठ कोणाचा?

प्रश्न दिसायला साधा आहे. नदीच्या काठाने लहानथोरांना, गरीब-श्रीमंतांना फुकट चालता यावे म्हणून झाडे लावून वाट करणे, हे पुण्यकर्म आहे की नाही? कोणीही म्हणेल, आहे. वाटसरूसाठी सावली करणे, पाणपोई घालणे हे आपल्याकडे थोर दानच मानलेले आहे. पण धर्मविचाराची रीत अशी की, 'काय केले' एवढे विचारून भागत नाही. 'कोणाच्या जागेवर केले' हेही विचारावे लागते. दुसऱ्याच्या वावरात, त्याला न विचारता घातलेली पाणपोई पुण्याची म्हणावी का? म्हणून आधी ठरवले पाहिजे, काठ कोणाचा?

उन्हाळ्यात पाहावे तर काठ आपलाच वाटतो. पण आषाढ-श्रावणात नदी येते आणि आपली हद्द स्वतः दाखवून जाते. सरकारनेही ही हद्द ओळखली आहे. आपल्या राज्यात नदीला दोन पूररेषा आखतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. आता 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे आपल्या हयातीत नाही, असा अर्थ करू नये. कोणत्याही वर्षी तो पूर येण्याचा संभव शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. तो कधी लागोपाठही येईल.

पुण्यात मुळा-मुठेच्या काठाने सुमारे 44 किलोमीटरची योजना हाती घेतली आहे. मार्च 2022 मध्ये तिची पायाभरणी झाली. काठाने चालण्याच्या वाटा, बागा, घाट असा तिचा बेत आहे. करणारे म्हणतात, याने लोक नदीशी जोडले जातील आणि पुराचेही भय कमी होईल. हरकत घेणारे म्हणतात, भराव घालून, काठ बांधून काढून पात्र आवळले जाते आणि जुनी झाडे जातात. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या दिवशी काय झाले हे पुणेकरांना सांगायला नको. 25 जुलै 2024 रोजी मुठेचे पाणी सिंहगड रस्त्याकडच्या वस्तीत शिरले, ते तर कालचेच आहे. तेव्हा हा वाद रिकामटेकड्यांचा नव्हे.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो. 'अहो, महेश्वरला, काशीला अहिल्याबाईंनी दगडी घाट बांधलेच ना? दगड घातला म्हणून त्यांना कोणी दोष दिला? मग आजच्या बांधकामालाच का?' शंका रास्त आहे. पण घाट आणि भिंत यांत भेद आहे. घाटाला पायऱ्या असतात. माणूस उतरतो, तसे पाणीही चढते. भिंत पाण्याला म्हणते, 'इथवरच.' आपल्या चंद्रभागेच्या वाळवंटातले पुंडलिकाचे देऊळच पाहा ना! पूर आला की पाण्यात जाते, ओसरला की पुन्हा दर्शनाला मोकळे होते. त्यासाठी चंद्रभागेला कोणी आवळून धरली नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे, हा धर्म त्या देवळाने पाळला.

अहमदाबादेस साबरमतीच्या दोन्ही काठांनी अकरा-अकरा किलोमीटर वाट झाली. 2012 पासून लोक तीवरून चालू लागले. शहराला फिरायला जागा मिळाली, हे खरे. पण त्यासाठी पात्र सरसकट 263 मीटर रुंदीचे केले, त्यात दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्याचे, आणि काठावरची दहा हजारांवर कुटुंबे हलवावी लागली. ज्यांची रोजी काठावर होती, त्यांना दूर नेऊन ती जागा 'सर्वांची' केली, तर त्या 'सर्वां'त हे लोक होते की नव्हते?

उलट रीत सिंगापुरात बिशान येथे दिसते. कल्लांग नदीला सिमेंटच्या सरळ कालव्यात कोंडले होते. तो 2.7 किलोमीटरचा कालवा फोडून नदीला वळणे घेऊ दिली, ती 3.2 किलोमीटरची झाली आणि 2012 साली तिच्याभोवतीची बाग लोकांना खुली झाली. कोरड्या दिवशी माणसे काठच्या हिरवळीवर चालतात. मोठा पाऊस आला की भोंगा वाजतो, माणसे वर सरकतात आणि नदी त्या हिरवळीवर पसरते. पाऊस सरला की पुन्हा माणसे. जागा एक, पण दोघांच्या वेळा ठरलेल्या.

तेव्हा सिद्धान्त काय झाला? वाट करावी, अवश्य करावी. ज्याला नदी दिसतच नाही, त्याला तिची कळकळ कोठून येणार? पण वाट नदीच्या मापाने करावी, नदी वाटेच्या मापाने करू नये. ती बुडाली तरी वाहून न जाणारी, सखल, दगडमातीची असावी. भरावावर चढवलेली नसावी. ओढ्यांची तोंडे मोकळी राहावीत. आहेत ती करंज-उंबराची झाडे राखावीत; शंभर रोपे लावल्याने एक जुना उंबर परत येत नाही. आणि सर्वांआधी गटाराचे पाणी शुद्ध करून मगच नदीत सोडावे. घाण पाण्याच्या काठी सुंदर बाके मांडणे म्हणजे आजाऱ्याला औषध न देता नवे वस्त्र नेसवणे होय.

आपली गावे इंद्रायणी, नीरा, भीमा यांच्या काठांवर आहेत. आज ना उद्या असा नकाशा आपल्याही पंचायतीत, नगरपालिकेत येईल. आला की 'वा, छान!' म्हणून टाळी वाजवू नका आणि नुसता विरोधही करू नका. तीनच गोष्टी विचारा. पूर आला तर पाणी कोठे जाईल? काठावर पोट भरणारा कोठे जाईल? गावची घाण कोठे जाईल? तिन्हींची उत्तरे नकाशात असली, तर फावडे घेऊन श्रमदानाला जावे. एकाचेही नसले, तर ते मिळेपर्यंत नम्रपणे, पण उठून न जाता, सभेत बसून राहावे.