दस्तक आणि खंडणी

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतल्या २००७ च्या चित्रपटात जगभरच्या चाच्यांचे म्होरके एका टेबलाभोवती जमतात. त्यांत हिंदी महासागराचा म्होरका म्हणून डोक्याला पागोटं बांधलेला, सेवकांच्या तोंडून बोलणारा एक 'श्री संभाजी' आहे. नाव कुठून उचललं ते सांगायला नको. कान्होजींचा मुलगा संभाजी आंग्रे हा मराठ्यांचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्याचं असं सोंग केलेलं पाहून मराठी माणसाचं डोकं फिरणं साहजिक आहे. आपला व्यापार अडवला म्हणून इंग्रजांनी आंग्र्यांना चाचे ठरवलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खरंही आहे, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. (१७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांच्या जोडीला पेशवेच होते, हे मात्र आपण तितक्या आवडीने सांगत नाही.) खटकतं ते वेगळंच. 'आपल्या पाण्यात परक्यांना अडवलं, त्यात चाचेगिरी कसली?' असा आंग्र्यांचा बचाव आपण करतो, आणि नेमका हाच बचाव सोमालियाचे चाचेही करतात.

त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. १९९१ मध्ये तिथलं सरकार कोसळलं, किनाऱ्यावर राखणदार उरला नाही आणि परदेशी ट्रॉलर येऊन मासळी उपसून नेऊ लागले. काही टोळ्यांनी स्वतःला तटरक्षक म्हणवून घेत दंड वसूल करायला सुरुवात केली. चाचेगिरी हा दुबळ्यांचा प्रतिकार आहे, असं म्हणणारे इथेच थांबतात. त्यांच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. पण आंग्रे पैसे घेऊन दस्तक, म्हणजे जाण्याचा परवाना, देत. दस्तक घेतलेलं गलबत त्यांच्या आरमारासमोरून बिनधोक जाई. त्यामागे छत्रपतींनी दिलेला हुद्दा होता, किल्ले होते, कारभार होता, आणि मुंबईकर इंग्रजांशी लेखी तह-तक्रारी चालत. दस्तक हा तोफेच्या धाकाने उकळलेला पैसाच, असं कुणी म्हणेल. म्हणू दे, त्या काळी समुद्रावर पोर्तुगीजही तेच करत होते. माझी कसोटी साधी आहे. पैसे भरल्यावर वाट मोकळी होते का, आणि न झाल्यास दाद मागायला कुणी आहे का?

या कसोटीवर सोमाली टोळ्या कुठे बसतात ते 'अस्फाल्ट व्हेंचर' या जहाजाने दाखवलं. सप्टेंबर २०१० मध्ये ते पळवलं गेलं; त्यावरचे पंधराही खलाशी भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं, आठजण सुटले. उरलेल्या सात जणांना टोळीने ठेवून घेतलं. कारण काय, तर त्याच सुमाराला भारतीय नौदलाने शंभराहून अधिक सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले होते. त्या सातांची सुटका ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस झाली. पैसे भरूनही वाट मोकळी झाली नाही आणि साडेतीन वर्षं दाद कुणाकडे मागायची हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मासळी चोरणाऱ्या ट्रॉलरशी त्या सात जणांचा संबंध काय होता, ते प्रतिकारवाल्यांनी सांगावं.

दाद मागण्याची ही अडचण धुळे-सोलापूर महामार्गावरच्या येरमाळ्याच्या माणसाला कळायला जड जाऊ नये. त्या महामार्गावर चालत्या ट्रकवर चढायचं, ताडपत्री फाडायची आणि माल खाली टाकायचा, या चोऱ्यांच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. पण तिथे निदान हद्द ठरलेली असते. ड्रायव्हर येरमाळ्याच्या ठाण्यात जातो. हद्द आपली नाही म्हणून पुढच्या ठाण्यात पाठवला गेला तरी पुढे ठाणं असतं. खुल्या समुद्रात ते नसतं. १९९९ मध्ये जपानी मालकीचं 'अलोंड्रा रेनबो' हे जहाज इंडोनेशियाजवळ पळवलं गेलं. सात हजार टन ॲल्युमिनियम पोटात, खलाशी तराफ्यावर सोडून दिलेले, आणि नाव बदलून 'मेगा रामा'. तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने आणि नौदलाच्या 'प्रहार'ने ते आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे गाठलं. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता.

सिनेमाला दाद आणि खटल्यांच्या या भागाचं वावडं आहे. २०१३ च्या 'कॅप्टन फिलिप्स'मध्ये अमेरिकी आरमार येतं, नेमबाज तीन गोळ्या झाडतात, प्रश्न मिटतो. चित्रपट उत्तम आहे, बरखाद अब्दीचा चाचा विसरता येत नाही, पण सुरक्षेचा प्रश्न म्हणजे अचूक नेम, एवढंच प्रेक्षकाच्या मनात उरतं. त्याआधीच्या वर्षीचा डॅनिश चित्रपट 'अ हायजॅकिंग' मला कितीतरी शहाणा वाटतो. त्यातलं जहाज मुंबईकडे निघालेलं असतं. ते पळवण्याचा प्रसंग दिग्दर्शकाने दाखवलेलाच नाही. दिसतो तो कोपनहेगनच्या कचेरीतला फोन, खंडणीवरची घासाघीस आणि महिनोन्महिने कुजत पडलेला स्वयंपाकी. नेम चुकतो तेव्हा काय होतं, हेही पडद्यावर येत नाही. १८ नोव्हेंबर २००८ ला आपल्या नौदलाच्या 'तबर'ने एडनच्या आखाताजवळ चाच्यांची बोट बुडवली आणि इथे टाळ्या वाजल्या. ती बोट थायलंडचा ट्रॉलर निघाली, चाच्यांनी बळकावलेला, वर ओलीस खलाशी. आपल्यावर आधी हल्ला झाला असं नौदलाने सांगितलं, आणि ते खरं मानायला हरकत नाही. ओलीस मात्र जवळजवळ सगळे गेले.

इथे ती कसोटी आपल्यावरच उलटते. २०११ मध्ये आणलेल्या त्या सोमाली चाच्यांपैकी पंधरा जणांना मुंबईच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सात वर्षांची शिक्षा सुनावली. म्हणजे शिक्षा ठरेपर्यंत ती बहुतेक भोगून झाली होती. या लोकांनी दाद कुणाकडे मागायची होती? चाच्यांची कसली दाद, हे उत्तर तोंडावर येतं. माझ्याही आलं होतं. पण चाच्यापेक्षा आपण वेगळे असलो तर ते या प्रश्नाला उत्तर असण्यामुळेच. २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने जन्मठेपेची आणि कुणाचा जीव गेला असल्यास फाशीचीही तरतूद केली. शिवाय काही परिस्थितीत, उदाहरणार्थ शस्त्रं सापडली तर, गुन्हा गृहीत धरायचा आणि निर्दोष असल्याचं आरोपीने सिद्ध करायचं. ओलीस आणि चाचे एकाच डेकवर सापडतात, अशा गुन्ह्यात हे कलम मला धोक्याचं वाटतं.

१६ मार्च २०२४ ला 'आयएनएस कोलकाता' आणि विमानातून उतरलेल्या मार्कोस कमांडोंनी 'रुएन' हे जहाज सोडवलं. सतरा खलाशी सुखरूप सुटले, पस्तीस चाचे शरण आले आणि आठवड्याभरात मुंबई पोलिसांच्या ताब्यात गेले. त्या कारवाईवर उद्या कुणी चित्रपट काढेल, आणि तो आपल्याला आवडेलही. आंग्र्यांच्या दस्तकाचा अभिमान सांगणाऱ्यांनी मात्र अशा खटल्यांबद्दलही बोलावं: ते उघडपणे चालावेत, आरोपींना कळेल अशा भाषेत चालावेत, आणि त्यांना पुन्हा सहा-सहा वर्षं लागू नयेत.